ल्यूक कीक्ली: कॉलेजात सामन्याला १४ टॅकल, एनएफएलमध्ये ९. हे आकडे वाचायचे कसे?

स्क्रिमेज

अमेरिकन फुटबॉलमधल्या ल्यूक कीक्ली या लाइनबॅकरची (बचावात पुढच्या फळीमागे उभा राहणाऱ्याची) कारकीर्द पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट समजून घ्यायची आहे, पण आकड्यांपाशीच गाडी अडली आहे. बॉस्टन कॉलेजकडून २००९ ते २०११ या तीन मोसमांत ३८ सामने आणि ५३२ टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडणं), म्हणजे सामन्याला १४. पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये कॅरोलिना पँथर्सकडून २०१२ ते २०१९ मध्ये ११८ सामने आणि १,०९२ टॅकल, म्हणजे सामन्याला सव्वानऊ. एवढंच पाहिलं तर कॉलेजातला कीक्ली जास्त भारी वाटतो. पण एनएफएलने त्याला २०१३ चा सर्वोत्तम बचावपटू ठरवलं, आठ मोसमांत सात प्रो बोल (मोसमातल्या उत्तम खेळाडूंत निवडीचा मान) मिळाले आणि पाच वेळा तो ऑल-प्रोच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तमांच्या, पहिल्या संघात होता. मग टॅकलच्या आकड्याला किंमत किती द्यायची?

दुसरं असं की, स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन डाव सुरू होण्याच्या) आधी तो समोरच्यांचा डाव ओरडून सांगायचा म्हणतात. त्याला नेमकं काय दिसत होतं? आणि २८ व्या वर्षी तो थांबला, त्यामागे फक्त डोक्याला झालेली इजा होती का?

खेळाचे नियम, ४-३ आणि निकेल या बचावाच्या रचना वगैरे माहीत आहे. त्याच्या पुढचं सांगा.

गेमबुक

आधी टॅकल मोजतात कसे ते बघा. एनएफएलमध्ये टॅकल हा लीगचा अधिकृत आकडा नाही. स्टेडियममधली आकडेवारीची माणसं सामना चालू असतानाच वरून बघून नोंद करतात: एकट्याने पाडलं तर सोलो, दोघा-तिघांनी मिळून पाडलं तर असिस्ट. नंतर संघाचे कोच फिल्म बघून स्वतःची वेगळी मोजणी करतात आणि दोन्ही याद्या क्वचितच जुळतात. कॉलेजातही नोंद यजमानांकडचीच. असिस्ट देताना कोणाचा हात सैल असतो, कोणाचा आखडता. त्यामुळे दोन-चार टॅकलच्या फरकावरून दोन खेळाडूंची तुलना करण्यात अर्थ नाही.

आता बॉस्टन कॉलेजचे मोसम सुटे करून बघा. २००९ मध्ये १३ सामन्यांत १५८, २०१० मध्ये १३ सामन्यांत १८३ आणि २०११ मध्ये १२ सामन्यांत १९१. शेवटच्या वर्षी सामन्याला जवळजवळ १६ पडतात. त्या वर्षी संघाची कामगिरी होती ४ विजय, ८ पराभव. आपलं आक्रमण चेंडू टिकवू शकलं नाही की बचावफळी पुन्हा मैदानावर, आणि मधल्या लाइनबॅकरच्या खात्यात टॅकल जमत जातात. म्हणून ते १९१ फुकटचे, असं मात्र मी म्हणणार नाही. हरणारे संघ त्या वर्षी ढिगाने होते, पण देशात सर्वाधिक टॅकल लागोपाठ दोन वर्षं याच एका माणसाच्या नावावर लागले. २०११ चे बटकस, नगुर्स्की, लोम्बार्डी आणि लॉट हे चारही पुरस्कार त्यालाच मिळाले.

टॅकलचा आकडा किती फसवा आहे ते कळायला पँथर्सचे दोन मोसम शेजारी ठेवा. २०१५ मध्ये कीक्लीचे १३ सामन्यांत ११८ टॅकल, म्हणजे सामन्याला ९.१. २०१९ मध्ये १६ सामन्यांत १४४, म्हणजे ९.०. आकडा जवळपास तोच. पण २०१५ चा संघ १५–१ होऊन सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, गेला आणि २०१९ चा ५–११ वर संपला. त्या २०१९ च्या बचावफळीने धावत केलेले ३१ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) खाल्ले. २०१५ मध्ये कीक्ली डाव सुरू होतो त्या रेषेजवळ जाऊन डाव मोडत होता. २०१९ मध्ये त्याच्या पुढची आपलीच फळी फुटलेली असायची आणि तो सहा-सात यार्ड मागे, निसटलेल्याला धरून पाडत होता. नोंदवहीत दोन्ही टॅकल एकसारखेच दिसतात.

म्हणून प्ले-बाय-प्ले (डावागणिक नोंद) उघडून प्रत्येक टॅकलपुढे डाउन (दहा यार्ड जायच्या चार संधींपैकी कितवी), हवे असलेले यार्ड आणि मिळालेले यार्ड लिहा. पहिल्या डाउनवर ४ च्या आत रोखलं, दुसऱ्यावर उरलेल्याच्या निम्म्याहून कमी दिलं, तिसऱ्यावर फर्स्ट डाउनच्या, म्हणजे ते दहा यार्ड पूर्ण होण्याच्या, अलीकडे पाडलं, तर तो टॅकल कामाचा. बाकीचे हिशोबातून काढून टाका. २०१८ मध्ये त्याचे १३० टॅकल होते, त्यातले २० रेषेच्या मागे, म्हणजे समोरच्यांचे यार्ड उणे करणारे. मला त्याच्या पदार्पणाच्या १६४ पेक्षा हे २० जास्त मोलाचे वाटतात. त्या १६४ नी त्याला लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवून दिला होता, तरीही.

हॅशमार्क

गेमबुक यांच्या म्हणण्यात मैदानाची भर घालतो, कारण कॉलेजातून आलेल्या लाइनबॅकरला आधी मैदान नडतं, वेग नंतर.

मैदानाची रुंदी दोन्हीकडे १६० फूटच. पण कॉलेजात दोन हॅशमार्कमधलं (चेंडू ठेवायच्या खुणांच्या दोन रांगांमधलं) अंतर ४० फूट आहे आणि एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. कॉलेजात चेंडू डाव्या हॅशवर ठेवला तर एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट राहतात. तेवढ्या मोकळ्या बाजूला लाइनबॅकरला धावावंच लागतं, आणि अरुंद बाजूला साइडलाइन त्याचं अर्धं काम करते. एनएफएलमध्ये तीच विभागणी साधारण ७१ आणि ८९ फूट अशी होते. चेंडू जवळजवळ मध्येच असतो, त्यामुळे डाव कोणत्या बाजूला जाईल याचा मैदानावरून फारसा अंदाज येत नाही. रुंद बाजूकडे आधीच एक पाऊल झुकून उभं राहायची कॉलेजातली सवय इथे महागात पडते.

दुसरा फरक ब्लॉकिंगचा. पासच्या डावात कॉलेजात आक्रमणाचा लाइनमन (रेषेवर उभा राहून ब्लॉक करणारा) रेषेपुढे ३ यार्डांपर्यंत जाऊ शकतो, एनएफएलमध्ये १ यार्ड. म्हणजे एनएफएलमध्ये गार्ड (सेंटरशेजारचा, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्याशेजारचा लाइनमन) पुढे सरसावला तर रन (चेंडू घेऊन धावायचा डाव) आहे हे जास्त खात्रीने म्हणता येतं. गार्ड वाचायला शिकलेल्या खेळाडूला हा नियम फायद्याचा आहे.

तिसरा फरक रेडिओचा. एनएफएलमध्ये २००८ पासून बचावफळीतल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचं बोलणं ऐकू येणारा रेडिओ असतो, मागे हिरवा ठिपका दिसतो तोच. प्ले क्लॉकवर (डाव सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की आवाज बंद. कीक्ली बॉस्टन कॉलेजात होता तेव्हा कॉलेज फुटबॉलमध्ये ही सोय नव्हती, वरच्या पातळीवर ती २०२४ मध्ये आली. तीन वर्षं तो साइडलाइनवरच्या हातवाऱ्यांवर खेळला. इशारा घ्यायचा, आपल्या लोकांना उभं करायचं आणि समोरच्यांनी रचना बदलली की स्वतःच्या डोक्याने बदल करायचा. एनएफएलमधल्या त्या शेवटच्या १५ सेकंदांची तालीम इथे झाली.

हे त्याला पहिल्याच वर्षी मिळालं त्याला एक कारण होतं. मार्क हर्झलिक हा बॉस्टन कॉलेजचाच लाइनबॅकर, २००८ चा एसीसीचा (कॉलेज ज्या गटात खेळतं त्याचा) सर्वोत्तम बचावपटू. मे २००९ मध्ये त्याला ईविंग सारकोमा, म्हणजे हाडांचा कर्करोग, झाल्याचं निदान झालं आणि तो पूर्ण मोसम बाहेर राहिला. सिनसिनाटीच्या सेंट झेवियर हायस्कूलमधून नुकताच आलेला कीक्ली थेट पहिल्या अकरांत गेला. हर्झलिक २०१० मध्ये बरा होऊन परतला आणि दोघं शेजारी शेजारी खेळले. ज्याने त्या वर्षीची फिल्म बघितली नाही त्याने जरूर बघावी.

ड्राफ्टचा (एनएफएल संघांनी नवे खेळाडू निवडण्याचा) नियम असा की हायस्कूल सुटल्यावर तीन वर्षं व्हावी लागतात. कीक्ली २००९ चा, म्हणून २०१२ ला पात्र. चौथं वर्ष न खेळता तो निघाला. चाचण्यांत ६ फूट ३ इंच उंची, २४२ पाउंड वजन, ४० यार्ड ४.५८ सेकंदांत, आणि पँथर्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं.

बी-गॅप

त्याला काय दिसायचं, यावर मी लिहितो. यात जादू काही नाही. प्रत्येक गोष्ट शिकता येण्यासारखी आहे. अवघड आहे ते सगळं सात-आठ सेकंदांत क्रमाने बघणं.

हडल (डावाआधीचा घोळका) सुटल्यावर आधी कोण मैदानात आलं ते बघायचं: किती टाइट एंड (लाइनला लागून उभे राहून ब्लॉकही करणारे, पासही पकडणारे), किती रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे). मग डाउन आणि अंतर. मग रिसीव्हर (पास पकडणारे) लाइनपासून किती लांब उभे आहेत. बाहेरचा रिसीव्हर नेहमीपेक्षा आत, टॅकलजवळ (इथे लाइनच्या टोकाचा लाइनमन) येऊन उभा राहिला तर बहुधा दोनच कारणं: आडवा पळत मध्ये येणार किंवा कोणाला तरी बाजूने ब्लॉक करणार. त्यानंतर रनिंग बॅक. शॉटगनमध्ये (क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, मागे उभा असताना) तो क्वार्टरबॅकच्या ज्या बाजूला उभा असतो त्याच्या विरुद्ध बाजूला झोन रन जाण्याची शक्यता जास्त. क्वार्टरबॅकच्या बरोबरीने उभा आहे की अर्ध्या यार्डाने मागे, यावरूनही फरक पडतो. शेवटी लाइनमनचे हात. बोटांवर भार देऊन पांढरी पडली असतील तर तो पुढे झेपावणार. हात नुसता टेकवला असेल आणि भार टाचांवर असेल तर मागे बसून पास राखणार. एनएफएलमध्ये हे लपवायला शिकवतात, पण तिसऱ्या क्वार्टरनंतर दमलेला माणूस विसरतो.

यातून तो दोन-तीन डावांवर येऊन ठेपायचा आणि तेवढंच मोठ्याने सांगायचा. लोकांना वाटतं त्याला एकच डाव कळलेला असायचा. तसं नसतं, उरलेले डाव खोडलेले असतात.

स्नॅपनंतर नजर चेंडूवर नाही, गार्डवर. गार्डचं हेल्मेट खाली आणि पुढे आलं तर रन. वर उठलं तर पास. गार्ड बाजूला पळाला तर त्याच्या मागे जा, चेंडू तिकडेच येणार. वर उठून एक सेकंद थांबला आणि मग पुढे सुटला तर ड्रॉ किंवा स्क्रीन, म्हणजे पासचा आव आणून धावायचा किंवा रेषेजवळच आखूड पास द्यायचा डाव. पहिलं पाऊल जागच्या जागी, सहा इंचांचं. मागे पाऊल टाकलं की गॅप (दोन लाइनमनमधली फट) गेला, आणि लांब पाऊल पुढे टाकलं की प्ले-अ‍ॅक्शनमध्ये (धावण्याचं सोंग करून फेकलेल्या पासमध्ये) अडकला. दोन पावलं पुढे फसलात तर मागे १२ ते १५ यार्डांवर खिडकी उघडते, आणि चांगला क्वार्टरबॅक तेवढ्याचीच वाट बघत असतो.

२०१५ च्या थँक्सगिव्हिंगचा डॅलस काउबॉइजविरुद्धचा सामना लावा. टोनी रोमोच्या लागोपाठच्या दोन पासवर त्याने चेंडू पकडला, पहिला ३२ यार्ड पळवत टचडाउन केला. पाय बघा. पासची खूण मिळाल्यावर तो रिसीव्हरकडे वळत नाही. खांदे क्वार्टरबॅककडे ठेवून मागे सरकतो आणि क्वार्टरबॅकचा मोकळा हात चेंडूवरून सुटला की त्या दिशेला सुटतो.

स्क्रिमेज

भरपूर मिळालं, आभार. एक शंका राहतेच. एवढं सगळं वाचता येत असूनही तो कुठे चुकायचा किंवा हरायचा? आणि शेजारच्यांचा वाटा किती?

बी-गॅप

शेजारच्यांचा वाटा मोठा. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पँथर्सने पहिल्या फेरीत स्टार लोटुलेलेई आणि दुसऱ्या फेरीत कवॉन शॉर्ट असे दोन डिफेन्सिव्ह टॅकल (बचावाच्या पुढच्या फळीत मध्ये उभे राहणारे) घेतले. त्यांचं काम दोन-दोन ब्लॉकर अंगावर घ्यायचं, म्हणजे गार्ड कीक्लीपर्यंत पोचायला नको. त्या मोसमात संघ १२–४ झाला आणि १६ सामन्यांत फक्त २४१ गुण दिले, लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकाचे कमी. कीक्लीला सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार त्याच वर्षी मिळाला. डिसेंबरमध्ये सेंट्सविरुद्धचे २४ टॅकलही त्याच वर्षीचे, डेव्हिड हॅरिसच्या २००७ मधल्या विक्रमाशी बरोबरी करणारे. २०१९ मध्ये शॉर्ट दोन सामन्यांनंतर खांद्याने बाहेर गेला. पुढे काय झालं ते वर गेमबुक यांनी दिलंच आहे.

थॉमस डेव्हिसचाही उल्लेख हवा. एकाच गुडघ्याचा एसीएल (आतला अस्थिबंध) तीन वेळा फाटून परत आलेला माणूस. निकेलमध्ये तिसरा लाइनबॅकर बाहेर जायचा, पण हे दोघं आत. शॉन मॅकडरमॉट बचावाचा कोऑर्डिनेटर असताना दोघांना सेंटरच्या दोन्ही बाजूंच्या ए गॅपमध्ये (सेंटर आणि गार्डमधल्या फटीत) रेषेवर उभं करायचे. क्वार्टरबॅकला दोघंही येणार असं धरून राखण लावावी लागे, आणि स्नॅपला दोघं मागे सरकून मधल्या पासच्या वाटा बंद करत. हा डाव जमायला मागे पळणाऱ्याचा वेग लागतो. हळू लाइनबॅकरने तो केला तर मधलं मैदान रिकामं सापडतं.

कीक्ली हरायचा ते मोकळा गार्ड त्याच्या छातीवर आला की. २४० पाउंडांच्या माणसाने ३१५ पाउंडांच्या माणसाशी ताकदीने भिडायचं नसतं. एका खांद्याने भिडून दुसरा हात मोकळा ठेवायचा, नाहीतर ब्लॉकच्या आधीच गॅपमधून निघून जायचं. तो दुसरा मार्ग जास्त घ्यायचा. तो बरोबर ठरला तर यार्ड उणे होतात. पण लवकर निघाला आणि रनिंग बॅकने उलट दिशेला कट घेतला, तर मागची जागा मोकळी. यावर कोच सांगतात की चेंडूच्या बरोबरीने पळू नका, त्याच्या आतल्या कंबरेपासून अर्धं पाऊल मागे राहा.

आणि पहिल्या वर्षी सुरुवातीला तो मध्ये नव्हताच हे लक्षात असू द्या. जॉन बीसन मधला होता, कीक्ली कमकुवत (टाइट एंड नसलेल्या) बाजूचा. बीसन जखमी झाल्यावर तो मध्ये आला. बाहेरच्या जागेवरचे सामने आणि नंतरचे सामने शेजारी लावले तर मधून त्याला गार्ड, बॅक आणि क्वार्टरबॅक एका नजरेत कसे येतात ते दिसतं.

साइडलाइन

निवृत्तीबद्दल. डोक्याच्या नोंद झालेल्या इजा तीन. १३ सप्टेंबर २०१५ ला जॅक्सनविलविरुद्ध, तीन सामने बाहेर. १७ नोव्हेंबर २०१६ ला सेंट्सविरुद्ध, मोसमाचे उरलेले सहाही सामने बाहेर. १२ ऑक्टोबर २०१७ ला ईगल्सविरुद्ध, एक सामना बाहेर. २०१८ आणि २०१९ मध्ये तो सगळे ३२ सामने खेळला, आणि १४ जानेवारी २०२० ला व्हिडिओतून निवृत्ती जाहीर केली. म्हणजे डोक्याला मार लागला आणि दुसऱ्या दिवशी सोडलं, असं घडलेलं नाही. त्याने दिलेलं कारण एवढंच होतं की वेगाने आणि ताकदीने खेळणं हाच एक मार्ग त्याला माहीत आहे आणि ते आता तसं जमेल की नाही हे त्याला माहीत नाही.

एनएफएलमध्ये परतीचे पाच टप्पे आहेत: विश्रांती आणि लक्षणं वाढणार नाहीत एवढ्याच हालचाली, मग सायकल किंवा धावण्याचा व्यायाम, मग फुटबॉलचा व्यायाम, मग संघाबरोबर पण धक्क्याशिवाय सराव, आणि शेवटी पूर्ण सराव. शेवटच्या टप्प्यानंतर संघाचा डॉक्टर आणि संघाशी संबंध नसलेला मेंदूतज्ज्ञ या दोघांचीही परवानगी लागते. कुठल्याही टप्प्यावर लक्षणं परतली तर मागे जायचं. दिवसांची मुदत ठरलेली नाही. म्हणून एका खेळाडूला आठवडा लागतो आणि दुसऱ्याला दीड महिना. बाहेर राहिलेल्या सामन्यांवरून मार किती जोराचा होता हे ठरवू नका.

२०१७ पासून तो गळ्याभोवती इंग्रजी सी अक्षरासारखा पट्टा घालायचा, क्यू-कॉलर. मानेतल्या शिरेवर हलका दाब देऊन कवटीतलं रक्त किंचित वाढवायचं, म्हणजे धक्क्यात मेंदू कमी हलेल, अशी त्यामागची कल्पना. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या संस्थेने) २०२१ मध्ये विक्रीला मान्यता दिली, पण त्याने इजा टळते असं सिद्ध झालेलं नाही हेही सांगितलं. मुलांना खेळायला पाठवणाऱ्या पालकांनी त्याच्या गळ्यातला पट्टा बघून खरेदी करू नये. खाली डोकं करून धडकायचं नाही, हे शिकवण्याचा उपयोग जास्त आहे. २०१८ पासून एनएफएलमध्ये तसं धडकण्याला १५ यार्डांचा दंड आहे.

लवकर थांबणारा तो एकटाही नाही. मार्च २०१५ मध्ये फोर्टी नाइनर्सचे दोन मधले लाइनबॅकर एकाच महिन्यात गेले: पायाच्या दुखण्याने ३० वर्षांचा पॅट्रिक विलिस, आणि एकाच मोसमानंतर, डोक्याला पुढे होऊ शकणाऱ्या इजेच्या विचाराने, ख्रिस बोरलँड. विलिसची कारकीर्दही आठच मोसमांची, आणि २०२४ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. तेव्हा वर्षं कमी म्हणून कीक्लीला कमी लेखायचं कारण नाही.

पैशाचा मुद्दा कोणी काढण्याआधीच लिहितो. सप्टेंबर २०१५ मध्ये त्याने पाच वर्षांसाठी ६ कोटी २० लाख डॉलरची वाढीव मुदत घेतली होती. एनएफएलमध्ये करारातली सगळी रक्कम हमीची नसते. मध्येच थांबला की उरलेल्या वर्षांचा पगार गेला. तो काही वर्षं बाकी असताना थांबला.

गेमबुक

स्क्रिमेज, बघायला सुरुवात करताना टीव्हीचं प्रक्षेपण नको, कारण कॅमेरा चेंडूमागे जातो आणि लाइनबॅकर चौकटीबाहेर. बावीसही खेळाडू दिसणारी ऑल-22 फिल्म घ्या. सामन्याचा एकच अर्धा भाग धरा. प्रत्येक स्नॅप तीनदा: पहिल्यांदा फक्त त्याच्या समोरचा गार्ड, दुसऱ्यांदा कीक्लीचे पाय, तिसऱ्यांदा चेंडू. गार्ड हलल्यापासून कीक्ली हलेपर्यंत किती फ्रेम जातात ते लिहून ठेवा, रन आणि पास वेगळे.

क्रम सुचवतो. आधी २०१३ डिसेंबरचा सेंट्स सामना, १७–१३. मग वर आलेला काउबॉइजचा, ३३–१४. मग जानेवारी २०१६ मधले सीहॉक्स आणि कार्डिनल्सचे प्लेऑफ. दोन्हींत त्याने पास पकडून टचडाउन केला, १४ आणि २२ यार्डांचा. यांत त्याच्याच संघाची पुढची फळी त्याच्यासाठी जागा करून देते. त्यानंतर २०१९ मधला कुठलाही हरलेला सामना लावा आणि तीच फ्रेमची मोजणी करा. वाचण्याचा वेग तसाच असेल तर तो शेवटपर्यंत किती चांगला खेळत होता याचा पुरावा तुमच्या वहीत येईल. मोजून झालं की आकडे इथे टाका, बी-गॅप आणि मी आमच्या नोंदींशी ताडून बघू.